धाराशिवातील वैद्यकीची उमेदवारी

सोलापुराहून हैदराबादेस जाणारा जुना रस्ता नळदुर्गाचा किल्ला मागे टाकून उमरग्याच्या दिशेने निघाला, की थोड्याच कोसांवर अणदूर लागते. या गावचा खंडोबा हा एकट्या अणदूरचा देव नव्हे. वर्षातील बहुतेक काळ तो येथे राहतो आणि सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गालगतच्या मैलारपुरास. आणि हे येणेजाणे केवळ भक्तीच्या भरवशावर न सोडता दोन्ही गावांचे मानकरी त्याचा रीतसर लेखी करार करतात. देवाच्या मुक्कामाचीही मुदत ठरवून ती कागदावर आणणाऱ्या या व्यवहारी मुलुखात गेल्या काही दशकांपासून आणखी एका प्रकारचे मुदतीचे पाहुणे येऊ लागले आहेत. ते कधी पुण्यामुंबईचे असतात, कधी इंग्लंड-अमेरिकेचे. वैद्यकीच्या किंवा आरोग्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातील काही वर्षे संपवून, चार-सहा आठवड्यांची मोकळीक घेऊन ते येतात आणि गावच्या लहानशा दवाखान्यात डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभे राहतात. तपासणे डॉक्टरांनी, सांगणे रुग्णाने, आणि पाहणे मात्र या पाहुण्यांनी, अशी कामाची वाटणी असते.

परक्या मुलुखातील विद्यार्थ्याने आमच्या धाराशिव जिल्ह्यात रोगी पाहावयास यावे, याचे आमच्या लोकांस प्रथम नवल वाटले, ते स्वाभाविक होते. कारण हा जिल्हा निजामाच्या राज्यात असताना आणि पुढे महाराष्ट्रात आल्यावरही, शिकावयास बाहेर जाण्याची सवय असलेला मुलूख होता, शिकवावयास कोणास बोलावण्याची नव्हे. तथापि जाणत्याच्या पाठीशी उभे राहून रोगविद्या शिकण्याची जी चाल आज या परदेशी मुलामुलींच्या निमित्ताने नजरेत भरते, ती येथे पुरातन आहे, आणि तिचा इतिहास पाहू गेले असता असे आढळते की या उमेदवारीत शिकणाऱ्याची आणि शिकविणाऱ्याची नावे कोठे ना कोठे नोंदली गेली, परंतु ज्याच्या देहावर ती विद्या शिकली गेली त्याच्या नावाची नोंद कोणत्याच दप्तरात झाली नाही.

वैद्यकीतील उमेदवार रोग्याच्या देहाशी किती जवळीक करू शकतो, हा विचार आमच्या प्राचीनांनी केला नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्म शिकणाऱ्या शिष्याने प्रथम कशावर हात चालवावा याचे मोठे तपशीलवार विवेचन आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर. भेदनाचा सराव पाण्याने भरलेल्या कातडी पखालीवर. शिरावेधाचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. शिवणाचा जाडसर वस्त्रावर आणि मऊ कातड्यावर. पट्टबंधनाचा तर मनुष्याकृती पुतळ्यावर. शास्त्रे मुखोद्गत असूनही ज्याने हा सराव केला नाही, तो कर्मास अयोग्य, असा आचार्यांचा स्पष्ट निवाडा आहे. म्हणजे रोग्यापाशी येण्यापूर्वी शिष्याच्या हातून कोहळ्यांची रास चिरली गेली पाहिजे. हा दंडक ग्रंथात राहिला आणि व्यवहारात लोपला, हे येथे सांगावयास नकोच.

आमच्या भागातील जुन्या वैद्यांच्या घरी शिष्याचा आरंभ होई तो खलबत्त्यापासून. मुळ्या कुटणे, चूर्ण वस्त्रगाळ करणे, मात्रा सहाणेवर उगाळून मधात कालवणे यांत त्याची दोनचार वर्षे जात, आणि मग कधी तरी गुरुजींनी नाडीवर बोटे ठेवली असता दुसऱ्या हाताची नाडी पाहण्याची मोकळीक त्यास मिळे. हकिमांकडेही प्रकार याहून फार वेगळा नव्हता. तेथे नुस्खा लिहिणारे उस्ताद आणि तो बांधून देणारा शागिर्द यांच्यामधले अंतर पुष्कळदा एका पिढीचे असे. या दोन्ही परंपरांत एक दोष समान होता, तो म्हणजे विद्या घराण्याबाहेर जाऊ न देण्याचा हट्ट. आणि त्यापायी किती चांगले उपचार वैद्यांबरोबरच स्मशानात गेले असतील, हे सांगणे कठीण.

परंतु खरी मोठी उमेदवारी चाले ती या दोघांच्याही घराबाहेर, गावकीत. सुईण आपल्या सुनेला किंवा लेकीला बाळंतिणीच्या खोलीत सोबत नेई आणि दिवा धरावयास लावी. दिवा धरता धरता ती सून पुढे स्वतः सुईण होई. नारूची गोष्ट तर विशेष सांगण्यासारखी आहे, कारण मराठवाड्यातील पायऱ्यांच्या बारवांनी या रोगाला कितीतरी पिढ्या आश्रय दिला. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवीत, त्याच पाण्याने घागरी भरीत, आणि वर्षाभराने कोणाच्या घोट्याशी, कोणाच्या पोटरीवर फोड येऊन त्यातून पांढऱ्या सुतासारखा किडा डोकावू लागे. हातभर, दोन हात लांबीचा तो जंतू एकदम ओढला तर आत तुटतो आणि पाय पिकतो; म्हणून गावातला एखादा सावध हाताचा म्हातारा बारीक काडी घेऊन तिच्यावर तो रोज बोट-दोन बोटे गुंडाळी, काडी फडक्याने पायाशी बांधून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच पुढे सोडवी. या कामात घाई चालत नसे, आणि हे घाई न करणे म्हाताऱ्याच्या शेजारी बसून रोज पाहिल्यावाचून कोणास येत नसे. नारू या देशातून १९९६ नंतर नाहीसा झाला. त्याबरोबर ती काडी फिरविण्याची कलाही नाहीशी झाली, आणि त्याबद्दल कोणीही हळहळू नये हे उचितच होय.

इंग्रजी वैद्यकीचा या मुलुखाशी संबंध आला तो हैदराबादेच्या वाटेने. १८५३ च्या तहान्वये नळदुर्गाचा प्रदेश काही वर्षे कंपनी सरकारकडे गेला होता, आणि कर्नल मेडोज टेलर याने तेथे कारभार केला. १८६० साली तो निजामाकडे परत आला. पुढे जिल्हाबंदी झाली, अव्वल तालुकदार नेमले गेले, आणि १९०४ पर्यंत जिल्ह्याचे नाव व ठाणे नळदुर्गच होते. मग कचेऱ्या धाराशिवास हलल्या आणि पुढे जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव पडले; आज तो धाराशिव म्हणून ओळखला जातो. निजामी अमलात दवाखाना ही मुख्यत्वे सरकारी बाब, म्हणून तेथे नेमला जाणारा डॉक्टर बहुधा हैदराबादेत तयार झालेला असे. हैदराबादची वैद्यकशाळा रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक डॉ. विल्यम कॅम्बेल मॅक्लीन यांनी १८४६ साली सुरू केली, आणि तिचे वैशिष्ट्य असे की तेथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकविले जाई. १८८५ मध्ये डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या हाती ती आली आणि इंग्रजीचा अंमल सुरू झाला. याच लॉरीसाहेबांच्या आग्रहावरून १८८८ व १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या परीक्षणासाठी दोन कमिशने बसली, त्यांपैकी दुसऱ्याच्या खर्चासाठी निजाम सरकारने विलायतेतील 'लॅन्सेट' पत्रास एक हजार पौंड दिले, आणि निष्पन्न काय झाले, तर क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही, श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे, हा निष्कर्ष. जो पुढील काळाने खोटा ठरविला. आपल्या खजिन्यातून पैसा देऊन परक्या विद्वानांस बोलवावे, त्यांनी येथे प्रयोग करावेत आणि निष्कर्ष तिकडे छापावेत, हा परिपाठ किती जुना आहे हे ध्यानी यावे म्हणून ही हकिकत सांगितली.

त्याच शाळेच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी यांनी भूल देण्याच्या शास्त्रात नैपुण्य मिळविले आणि १९०९ मध्ये अधिक शिक्षणासाठी त्या एडिंबरास गेल्या. म्हणजे परदेशी जाऊन जाणत्यांपाशी शिकण्याचा प्रघात निजामी राज्यात तेव्हाच सुरू झाला होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाल्यावर वैद्यकीचे शिक्षण पुन्हा उर्दूत गेले आणि १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत तसेच राहिले. त्या काळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर उर्दूत निदान करी, नोंदवहीत इंग्रजी औषधे लिही आणि रोगी मराठीत कण्हे, अशी तीन भाषांची घडण होती.

या तीन भाषांच्या मध्ये उभा असे तो कंपाउंडर. ग्रामीण वैद्यकीच्या इतिहासात याच्याइतकी उपेक्षा कोणाची झाली नसेल. रोगी घरून बाटली घेऊन येत. कंपाउंडर ती विसळी, मोठ्या बरणीतील लाल किंवा पिवळे मिक्श्चर मापाने तीत ओती, आणि कागदाची एक पट्टी कात्रीने कातरून, तिला डोसाचे दाते पाडून, खळीने बाटलीवर उभी चिकटवी. अक्षरशत्रू माणसालाही एका वेळी किती घ्यावयाचे ते त्या दात्यांवरून उमगे, आणि आमच्या मते अशिक्षितांसाठी याहून सोपी सूचना अद्याप कोणी शोधून काढलेली नाही. दहा-पंधरा वर्षे डॉक्टरांच्या मागे उभा राहिलेला हा कंपाउंडर पुढे एखाद्या बाजारच्या गावी स्वतःच पाटी लावून बसे. कायद्याने त्यास तो अधिकार नव्हता, १९५६ च्या मेडिकल कौन्सिल कायद्याने तर नोंदणीवाचून वैद्यकी करणे स्पष्टपणे निषिद्ध केले. परंतु रात्री दोन वाजता दार ठोठावले असता उघडणारे दार बहुधा त्याचेच असल्यामुळे लोकांनी त्यास 'डॉक्टरसाहेब' म्हणावयाचे सोडले नाही. त्याच्या हातून गुण आला तसे अपायही झाले. पाहून शिकलेल्या विद्येची मर्यादा हीच आहे की जे पाहण्यात आले नाही, ते आपणांस ठाऊक नाही, हे तिला ठाऊक नसते.

मोठ्या दुखण्यास जिल्ह्यातील लोक जिल्ह्याबाहेर जात. बार्शीला १८९७ साली लहान रुळांची आगगाडी आली आणि पुढे ती लातुरापर्यंत गेली, तेव्हा भूम-कळंबकडील रोग्यास बार्शी जवळ आली, तुळजापूर-नळदुर्गकडच्यांना सोलापूर, आणि ज्यांची ऐपत किंवा निकड अधिक ते डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिरजेच्या मिशन इस्पितळापर्यंत पोचत. आमच्या लोकांचे पाय ज्या सोलापुराकडे वळत, त्याच सोलापुराचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, हा योगायोग येथे आठवल्यावाचून राहत नाही. नुकताच शिकून बाहेर पडलेला हा तरुण, पथकातील सहकारी एकेक करून परतले तरी मागे राहिला. चिनी भाषा शिकला, त्या भाषेत शिकविलेही, तेथील परिचारिकेशी विवाह केला, बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारला. परदेशी दवाखान्यात गेलेल्या माणसाने मुदत संपल्यावरही परतू नये असा आमचा आग्रह नाही. कोटणीसांसारखी माणसे मापाला घेता येत नाहीत. परंतु आठवड्यांच्या मुदतीने येणाऱ्यांविषयी बोलताना हे दुसरे टोकही नजरेसमोर असलेले बरे.

स्वातंत्र्यानंतर औरंगाबादेस १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, सोलापुरास १९६३ मध्ये, आणि सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईस. मराठवाड्यातील मुलगा आता घराजवळ डॉक्टर होऊ लागला, पण डॉक्टर झाल्यावर तो गावाकडे परतेना. कारण ज्या वॉर्डात तो पाच वर्षे वरिष्ठांच्या मागे हिंडला होता, तेथे खेड्यातील रोग त्याने पाहिले, खेडे मात्र पाहिले नव्हते.

या कोंडीला पहिला मोठा तडा गेला तो जिल्ह्याच्या शिवेपलीकडे जामखेडास. भूम आणि परांडा या आमच्या तालुक्यांना भिडलेला हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील तालुका. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले, मग अमेरिकेत जाऊन तेथील रुग्णालयांत अनुभव घेतला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण पुरे केले, आणि १९७० साली ते जामखेडास येऊन राहिले. आरंभी त्यांचा भरवसा शिकलेल्या परिचारिकांवर होता; पण खेड्यात मुक्काम करणे त्यांस जमेना, आणि गावकऱ्यांसही त्या परक्या वाटत. तेव्हा गावांतूनच बायका निवडाव्या असे ठरले, आणि त्यांत पुष्कळ बायका निरक्षर व दलित वस्तीतल्या होत्या. त्यांनी येऊन शिकावे, गावी परतून करावे, पुन्हा येऊन काय घडले ते सांगावे आणि त्यातून पुढचे शिकावे, असा क्रम बसला. बाळंतपणात हात धुणे, जुलाबाच्या लेकरास साखर-मिठाचे पाणी पाजणे, लसीसाठी घरोघर फिरणे, असल्या साध्या गोष्टींनी मुलांचे मृत्यू कमी होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडचा वृत्तांत आला, १९७८ मध्ये आल्मा-आटाच्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा केला, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतर जगातील विद्यार्थ्यांची रीघ लागली.

या घटनेचे मर्म पुरस्कारात नाही, उमेदवारीची दिशा बदलण्यात आहे. आजवर विद्यार्थी डॉक्टरांच्या मागे उभा राही. आता जॉन्स हॉपकिन्सची पदवी घेतलेले डॉक्टर अंगठाबहाद्दर बाईच्या मागून वस्तीत शिरू लागले, कारण कोणत्या घरी गर्भारशी आहे, कोणाची सासू तिला दवाखान्यात येऊ देत नाही आणि कोणत्या दाराशी प्रथम बोलावे, हे त्या बाईला ठाऊक होते. दिवा धरणारी सून आणि सुईण यांचे नाते पुन्हा जमले, फक्त दिवा आता डॉक्टरांच्या हाती आला.

अणदूरचे काम याच सूत्राचे आहे, आणि त्याचा उगम विद्यार्थ्यांत आहे म्हणून ते या लेखाच्या विषयास अधिकच जवळचे. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात आपल्या अभ्यासाची उणीव आपणच भरून काढावी या हेतूने एक मंडळ चालविले. आरोग्य आणि स्वयंशिक्षण ही त्याची दोन अंगे, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव 'हॅलो'. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे तेच नाव घेऊन हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था तुळजापूर तालुक्यातील अणदुरास उभी केली. येथे निवडल्या गेलेल्या गावोगावच्या स्त्रियांस 'भारतवैद्य' म्हणतात. हे काम नुकतेच उभे राहत असता ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांचा सीमाभाग हादरला. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची ओझी निजलेल्या माणसांवर कोसळली; सात हजारांहून अधिक माणसे गेली. आमच्या जिल्ह्यातील सास्तूर आणि त्याभोवतीच्या गावांनी ते दुःख पाहिले. देशोदेशीची पथके आली, तंबू लागले, औषधांची खोकी आली, आणि काही महिन्यांत बहुतेक पथके गेली. जखमेवरचा टाका काढावयास, पोरक्या लेकराचा ताप बघावयास आणि रात्री दचकून उठणाऱ्या बाईपाशी बसावयास मागे राहिल्या त्या गावातल्याच बायका.

आता त्या खुर्चीमागे उभ्या विद्यार्थ्याकडे वळू. सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडतो, केसपेपरांचा गठ्ठा वाढतो, आणि आत एक पोरसवदा परदेशी भिंतीला टेकून वही धरून उभा असतो. एखादी आजी पदर सावरीत विचारते, "डाक्टर, ह्यो कोण म्हणायचा?" शिकावयास आला आहे असे सांगितले म्हणजे ती त्यास नखशिखान्त न्याहाळते आणि "मग उभं का ठिवलंय लेकराला, बसू द्या की," असे म्हणून बाकावर सरकून जागा करते. मग एखादी पंधरा वर्षांची मुलगी येते. डॉक्टर तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून आतला फिकट पांढरा रंग त्यास दाखवितात, नखे दाखवितात, जीभ दाखवितात. रक्तक्षय त्याने पुस्तकात वाचलेला असतो. तो इतका सर्वसाधारण असू शकतो हे त्यास येथे कळते. याच जिल्ह्यातील खेड्यांत २०१४-१५ च्या सुमारास किशोरवयीन मुलींची जी पाहणी झाली, तीत १,०१० मुलींपैकी सुमारे ८७ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. दुपारी भारतवैद्य त्यास त्या मुलीच्या घरी नेते, आणि लोहाच्या गोळ्यांची पुडी कोनाड्यात जशीच्या तशी का पडून आहे, हे त्यास चुलीपाशी बसून समजते: गोळीने मळमळते, शेंगा तोडावयास जायचे असते, आणि आईचाही रंग तोच असल्याने घरात कोणास ते दुखणे वाटतच नाही. एवढे ज्याने मन लावून पाहिले, त्याचा प्रवासखर्च वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र पाहणे आणि करणे यांमधील रेषा येथे कडक असली पाहिजे. आपल्या देशी ज्याला टाका घालण्याची परवानगी नाही, त्याने धाराशिवच्या खेडुताच्या हातावर टाका घालून सराव करावा, हे गरिबीचा फायदा घेणे होय, मग तो विद्यार्थी कितीही सद्भावाने आलेला असो. सुश्रुताच्या शिष्यास कोहळा होता. आमच्या खेडुताने कोहळ्याची जागा का घ्यावी? आणि हाच प्रश्न व्यक्तीपुरता न राहता साऱ्या जिल्ह्यापुरता झाला, तेव्हाची हकिकत सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ पासून बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतील कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही ठेवली जाऊ लागली. ग्रामीण भागातील अशी नोंदवही देशात ही पहिलीच. त्या पायावर १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड प्रयोग आरंभिला गेला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आणि बार्शीचे रुग्णालय असे तिघे त्यात होते. गावांचे ५२ गट पाडले गेले, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया मोजल्या गेल्या, आणि चार विभाग झाले: एकास एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यास पेशींची तपासणी, तिसऱ्यास सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची रीत, आणि चौथ्यास, म्हणजे ३१,४८८ स्त्रियांस, नित्याची सेवा, त्यांनी तपासणी कोठे होते एवढे ऐकावे. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, चौथ्या गटात ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांच्या संख्येत फारसा फरक नव्हता. या फरकाने जगाचे धोरण पालटण्यास हातभार लावला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच चाचणी प्रथम पसंतीची ठरविली.

चौथा गट ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे विद्वानांत वाद झाला. प्रयोगकर्त्यांचे म्हणणे असे की त्या वेळी या स्त्रियांस कोणतीच तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडून काही काढून घेतले गेले नाही; विरोधकांचे म्हणणे असे की कर्करोग आधी ओळखता येतो हे ठाऊक असलेल्यांनी एवढ्या स्त्रियांस नुसते मोजीत राहणे माणुसकीस धरून नाही. आम्हांस दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते, तरी पहिली अप्रामाणिक होती असे वाटत नाही. मात्र एक गोष्ट वादापलीकडची आहे. डोळ्यांनी डाग पाहण्याच्या ज्या रीतीने या जिल्ह्यातील प्रयोगात मृत्यू निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले नाही, तीच रीत २०१६ मध्ये आपल्या सरकारने प्राथमिक तपासणीसाठी नेमून दिली. मुंबईच्या वस्त्यांतील दुसऱ्या एका प्रयोगात तिने गुण दिला होता आणि ती स्वस्त आहे, ही कारणे खोटी नाहीत. पण ज्यांच्या देहावर उत्तम चाचणी सिद्ध झाली, त्यांच्या लेकींना ती उपकेंद्रात सहज मिळावी, एवढी परतफेड अद्याप झालेली नाही.

धाराशिवास २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, दरसाल शंभर विद्यार्थ्यांचे. त्यांतील कित्येक उद्या परदेशी रुग्णालयांत जाऊन तेथील जाणत्यांच्या खुर्चीमागे उभे राहतील आणि राहावेतच. त्यापूर्वी मात्र महाविद्यालयाच्या चालकांनी त्यांतील प्रत्येकास पहिल्याच वर्षी अणदूर, सास्तूर, भूम अशा ठिकाणी महिनाभर पाठवावे, तेथील आशाताई आणि भारतवैद्य यांच्या मागून त्यास दारोदार हिंडवावे, आणि त्या बायांनी त्याच्याविषयी जो अभिप्राय सांगितला असेल तो इतर परीक्षांच्या गुणांबरोबर लिहून ठेवावा. आणि त्या शिकविण्याचा मेहनताना त्या बायांस सरकारी तिजोरीतून, महिन्याच्या महिन्यास, पावती घेऊन द्यावा.